फॉर्मॅलिनच्या साखरेने अडवलेला साखरपुडा

प्रति,
मा. तहसीलदार साहेब (पुरवठा शाखा),
तालुका कचेरी, बोरवण, जि. धुळे.

अर्जदार : तोताराम भाईदास भदाणे, विज्ञान शिक्षक, बोरवण.

विषय : मुलीच्या साखरपुड्यासाठी साखरेचे परमिट मिळणेबाबत व अर्जदार साखर कारखानदार नसलेबाबत.

संदर्भ : परमिटाच्या अर्जावरील आपल्या कचेरीचा शेरा, "अर्जदार स्वतः साखर तयार करतो, सबब नामंजूर."

महोदय,

१. अर्जदाराची कन्या चि. कुंदा हिचा साखरपुडा शिंदखेड्याचे रुपचंद नाना यांच्या मुलाशी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरला आहे. त्यासाठी अर्जदाराने रीतसर एक पोते साखर मागितली असता वरील शेरा पदरात पडला.

२. शेऱ्याचे मूळ शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आहे. बेडूक टिकवायला बाटलीत जे फॉर्मॅलिन घालतात त्यात चुना मिसळून, मंद आचेवर ठेवून, त्यापासून साखर होते हे अर्जदार दाखवणार होता. या प्रयोगाची खोड अशी की तो आधी ढिम्म हलत नाही. पहिला साखरेचा कण व्हायलाच फार वेळ लागतो, आणि तो झाला की तोच पुढच्या साखरेला घाई करतो. जितकी साखर होते तितकी आणखी लवकर होते. त्या दिवशी मात्र भांडे गरम होऊन अर्धी दुपार गेली तरी पाणी पांढरे ते पांढरेच. पोरे जांभया देऊ लागली, मुख्याध्यापक घड्याळ पाहू लागले, अर्जदाराच्या पाठीवरून घामाच्या धारा.

३. अशा वेळी आपल्याच शाखेचे सन्माननीय पुरवठा निरीक्षक साहेब चहा घेत तेथे आले. त्या महिन्यात रेशनवर साखर आलीच नव्हती, त्यामुळे चहा गुळाचा होता. साहेबांनी "मास्तर, नीट ढवळा तरी" असे म्हणून चहातला चमचा सरळ भांड्यात घातला व ढवळला. गुळातल्या साखरेचा तो एवढासा अंश पुरला. पाणी पिवळे झाले, मग तांबूस, आणि जळक्या साखरेचा वास वर्गभर सुटला. टाळ्या साहेबांना पडल्या.

४. पुढे बातमीनेही तोच मार्ग धरला. चहाच्या टपरीवर ती भांडेभर होती, बाजारात हंडाभर झाली आणि कचेरीत पोचेपर्यंत अर्जदाराच्या परसात धुराडे उभे राहिले. अर्जदाराच्या परसात एक शेवगा आहे. भांड्यात झालेला तो रस कोणी चाखू नये, त्यात फॉर्मॅलिन उरते व ते विष आहे, हे अर्जदाराने त्याच दिवशी फळ्यावर लिहिले होते. फळा कोणी वाचत नाही.

५. बातमी शिंदखेड्यालाही गेली. रुपचंद नाना स्वतः आले, ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतले नाही. म्हणाले, "भाऊ, बठ्ठं मान्य शे, पन ती बाटलीनी साखर आम्हले नको. सरकारनी साखर दखाडा, मग बोलू." म्हणजे बाकी सगळे कबूल, पण आधी सरकारी साखर दाखवायची. अर्जदाराची पत्नी इंदिराबाई तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाही. कुंदा बोलते, पण "बाबा, तुम्ही भूगोल का नाही शिकवला" एवढेच विचारते. साहेब, पोरीने ते हसत विचारले आणि आत जाऊन रडली. हे अर्जदाराला सहन होत नाही.

६. अर्जदाराने कचेरीत खेटे घातले. तेथे सांगण्यात आले की शेरा काढण्यासाठी साखरेचे एखादे जुने परमिट जोडावे. अर्जदाराला जुने परमिट कधी मिळालेच नाही, आणि ते नसल्याने नवे मिळत नाही. आपल्या कचेरीचे भांडेही पहिल्या कणाशीच अडले आहे, असे अर्जदार नम्रपणे नमूद करतो.

७. सबब विनंती की, आपण आपल्या अधिकारात पहिले परमिट द्यावे. शेरा काढता येतच नसेल, तर तो निरीक्षक साहेबांच्या नावेही मारावा, कारण साखर त्यांच्या चमच्याने सुरू झाली. आणि खरेच कृपा करायची असेल तर आखाजीला आपण स्वतः मांडवात यावे व नानांच्या देखत पहिला पेढा खावा. निरीक्षक साहेबांनाही आग्रहाचे आमंत्रण आहे. त्यांनी फक्त काही ढवळू नये.

आखाजीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
तो. भा. भदाणे
बोरवण, दि. ९ एप्रिल १९८७

सोबत :
शेऱ्याची नक्कल.
साखरपुड्याची पत्रिका, तारखेची जागा कोरी.
निरीक्षक साहेबांचा चमचा, न धुता जपलेला.