लिहायचा हात

३ जून
लागली! एकदाची नोकरी लागली! एजन्सीमार्फत का होईना, तीन महिन्यांच्या करारावर का होईना, पण पदवी घेऊन आठ महिने आईची बोलणी खाण्यापेक्षा बरी. मावशीने नाक मुरडलंच. एवढं शिकून खोक्यांच्या कारखान्यात? म्हटलं, साहेबाची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवली असशील तर सांग, उद्याच जाऊन बसते.

एजन्सीतल्या बाई गोड आहेत. मन लावून काम केलं तर कंपनी कायम करते म्हणाल्या. पदवीचं मूळ प्रमाणपत्र मात्र ठेवून घेतलं. फॉर्मवर एक गंमतच होती : कोणत्या हाताने लिहिता? मी बिनधास्त ‘उजव्या’ ठोकून दिलं. आहे मी पक्की डावखुरी, पण मागच्या ठिकाणी याच पायी नकार मिळाला होता. मशीनवर डावखुरी नको म्हणे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई फोनवर बोलत होत्या, त्यामुळे फॉर्म कुठल्या हाताने भरला ते कुणी बघितलंही नाही.

६ जून
काम सोपं आहे. पुठ्ठा प्रेसखाली सरकवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबायची, की पातं खाली येतं. बटणं दोन अशासाठी, की दोन्ही हात बाहेरच राहावेत. आमच्या प्रेसच्या एका बटणावर मात्र चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलंय. मुकादमांना विचारलं तर हसून म्हणाले, वेग येतो.

माझ्याबरोबर एजन्सीचाच आणखी एक पदवीधर आहे, चष्मिस. त्याच्या विनोदांवर तो एकटाच हसतो, पण मुलगा सरळ आहे. कायम झालेले सातजण निळा शर्ट घालतात आणि एक हात सदा खिशात. डबासुद्धा एकाच हाताने उघडतात. चष्मिस म्हणतो, कायम झाल्याची ऐट आहे ती.

१४ जून
ऐट कसली! आज हात धुताना मुकादमांचा डावा हात खिशाबाहेर आला. मनगटापुढे काहीच नाही. मग मी एकेकाला नीट बघितलं. सहाजणांचा डावा गेलाय. पॅकिंगवाल्या काकांचा तेवढा उजवा, आणि ते डावखुरे आहेत. जुने अपघात, मुकादम म्हणाले. सातच्या सात? माझं जेवणावरून मन उडालं.

२० जून
चष्मिसला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. कायमचं पत्र आलंय म्हणून. मला वाटलं थट्टा चाललीय. चौघांनी धरला, डावा हात पात्याखाली दाबला, आणि मुकादमांनी उरलेलं बटण दाबलं. कचकन आवाज आला. बोटं पुठ्ठ्यावर पडली तेव्हाही हलत होती. त्याचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला. मी ओरडत होते, पण दोघांनी मला भिंतीशी दाबून ठेवलं होतं.

मुकादम रक्त पुसत समजावणीच्या सुरात म्हणाले, रिकाम्या हाताने येणारे निघून जातात. ज्याचं काही इथे राहतं, तोच टिकतो. आणि लिहायचा हात आम्ही सोडतो, एवढी माणुसकी आहे.

२२ जून
मी पोलिसांना घेऊन दवाखान्यात गेले. चष्मिसने सांगितलं, माझीच चूक, हात घसरला. पत्रावर सही केलीय त्याने. उजव्या हाताने.

२७ जून
पाच दिवस घरी. एजन्सीतल्या बाईंचा फोन. माझंही पत्र तयार आहे, प्रमाणपत्र कारखान्यातच पाठवलंय, जाऊन घ्या. आईला वाटतं, मी अपघात बघून हबकलेय. कायमची नोकरी म्हणजे सोन्याहून पिवळं, म्हणते.
प्रमाणपत्राशिवाय कुठेच उभं करणार नाहीत मला. सकाळी जाईन. फाटकातूनच मागेन, आणि पळेन.

२८ जून
फाटक मागून बंद झालं. मी कपडे बदलायच्या खोलीत, कडी लावून. बाहेर चष्मिस – निळा शर्ट. गोड बोलतोय. दोनच मिनिटं लागतात, म्हणतोय.
ओरडून सांगितलं – मी डावखुरी आहे, मी डाव्याने लिहिते! मुकादम हसले. फॉर्मवर ‘उजव्या’ आहे, खाली तुझीच सही आहे. ऐनवेळी सगळे असंच सांगतात म्हणे.
कडी वाकतेय – आई गं –

१५ जुलै
उजव्याने लिहितेय. एक ओळ – अर्धा तास. बालवाडीतलं अक्षर.
निळा शर्ट मिळाला. आई खूश. अपघात वाटतो तिला. रडली आधी, मग म्हणाली, नोकरी तरी राहिली.

१८ जुलै
उद्या एजन्सीची नवी मुलगी येणार. फॉर्म बघितला. ‘उजव्या’. मुकादमांना म्हटलं, आधी तिला लिहायला लावून बघा. म्हणाले, फॉर्म आहे ना.
खांदे मी धरायचे, असं ठरलंय.
नाही धरणार. फाटकातच गाठेन तिला. सांगेन, पोरी, पळ, कागद गेले खड्ड्यात –
मागे चष्मिस. कधी आला? वाचतोय –
म्हणतो, उजवा पण छान चालायला लागला की गं तुझ