सुधाकरच्या डब्याचं झाकण

प्रिय आईस,

स्वर्गात चष्मा लागत नाही असं पाळकसाहेब सांगतात, म्हणून बारीक अक्षरात लिहितोय.

तुझ्या धाकट्याच्या स्टीलच्या डब्याविरुद्ध मला गंभीर तक्रार नोंदवायची आहे. गेले सहा रविवार हा डबा राजूरहून वणीला माझ्या घरी येतो आणि दर वेळी गळतो. काल पाटोडीचा रस्सा नववीच्या संस्कृतच्या वह्यांवर सांडला. कारण काय, तर डब्यावर नाव 'सुधाकर' आणि झाकणावर 'मनोहर'! भांड्यांवर नावं घालून घेतलीस आणि दोघांना देताना झाकणं बदललीस. मला अजून वाटतं, मुद्दाम बदललीस.

पण हा डबा येतो काहून?

सुध्या उपासनेनंतर येतो, डबा ओट्यावर ठेवतो, "दादा, गरम आहे तवर खाऊन घे" म्हणतो आणि पाणीही न पिता निघतो. रिकामा डबा मी कुणाहाती तरी परत धाडतो. मी रूथला म्हटलं, "याला काहीतरी हवंय."

"काय पाहिजे असंल त्याले? तुमच्या वह्या?" तुझी सून म्हणाली. "प्रभू स्वतः भाकर घेऊन दारात आला, तरी तुम्ही आधी विचारसान, कोणं धाडली?"

मी संशयी आहे खरा. पण डबा सुरू कधी झाला ते ऐक. तू गेल्यावर घरी प्रार्थना ठेवली होती. मी डोळे मिटून सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणालो, "हे प्रभू, बोलावूनही जो आईजवळ पोचला नाही, त्या माझ्या भावाला क्षमा कर." आपल्या मंडळीत कुणावर राग काढायचा असला की त्याच्यासाठी प्रार्थना करतात. तूही शेजारच्या मार्थाबाईसाठी किती वेळा केलीस!

सगळ्यांत मोठं 'आमेन' सुध्याचं आलं. मी एक डोळा उघडून पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. पुढच्याच रविवारी पहिला डबा आला. आता सांग, संशय येणार नाही?

कारण मी त्याला बोलावलंच नव्हतं, आई. हे त्याला ठाऊक आहे. तरी चारचौघांत त्यानं मला खोटं पाडलं नाही.

ठाऊक नाही ते एवढंच. त्या दुपारी तू तीनदा म्हणालीस, "सुध्याले बोलाव रे." मी म्हटलं, त्याची खाणीतली पाळी संपू दे. पाळी संपली, तरी फोन केला नाही. तुझ्या उशाशी एकट्यानंच चांगला मुलगा म्हणून बसायची मला हौस होती. तू दाराकडे बघत होतीस. फोन केला तो तू गेल्यावर.

मनात अढी ठेवून प्रभूची भाकर घेऊ नये म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तू आम्हा दोघांना एका ताटात जेवायला बसवायचीस, आठवतं? भांडण मिटेस्तोवर उठू द्यायची नाहीस. एकदा सुध्यानं चिडून सगळं वरण माझ्याकडे ढकललं, तर म्हणालीस, "दिलं नं त्यानं? आता तू भात दे." आता कोण बसवणार? मागल्या प्रभुभोजनाला सुध्यानं भाकर घेतली. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर उभा राहिलो. पोरांकडून 'क्षमस्व' घोकून घेणारा मास्तर!

तेव्हा हे माझं वचन. येत्या शनिवारी शाळा सुटली की राजूरला जाईन. डबा रिकामा नेणार नाही, रूथला करंज्या करायला सांगितल्यात. त्याच्यासोबत एका ताटात जेवायला बसेन आणि पहिल्या घासाआधी सांगेन, की आई तुझी वाट पाहत होती.

तो ओरडला तर चालेल. पण हे ऐकल्यावर पुढच्या रविवारी तो आलाच नाही तर? मला त्याचीच भीती वाटते, आई.

तुझा थोरला,
मनोहर