पुतळाबाईंची चिंच

आई, तुला आणि बाबांना नेरूळहून जयभीम.

माझा खोकला थांबलाय, टेन्शन घेऊ नकोस. मी करते ती झाडाच्या साली-पानांची चित्रं कोण घेतं, असं मामा विचारतो ना? त्याला हे वाचून दाखव.

जासईच्या हरेशदादांच्या दारातली चिंच रस्ता रुंद करताना गेली. त्यांनी पोतंभर साल आणून दिली. म्हणाले, "आईला तिची चिंच करून द्या." मी झाड पाहिलेलंच नव्हतं. कसं दिसायचं म्हणून गावात विचारत फिरले, तर प्रत्येकाची चिंच वेगळी!

शेवटी अंदाजानं फळीवर साल चिकटवून नेली. तेव्हा कळलं, त्यांच्या आईला, पुतळाबाईंना, दिसत नाही. हात फिरवता फिरवता त्या थांबल्या. "इथं खांदी होती. पोरांचा झोपाला हिलाच बांधलेला."

मी तिथेच बसून फांदी जोडली. त्यांनी पुन्हा चाचपलं, सालीला गाल टेकवला. हरेशदादा खिळा ठोकायला उठले, तशा म्हणाल्या, "भितीवर नको टांगू रं. माजे हाताशी राहूदे."

आई, आपल्या दारातल्या लिंबाची पहिली फांदी कोणत्या बाजूला आहे गं? मला आठवतच नाही. जरा हात लावून बघ आणि कळव.

तुझी,
अस्मिता