नियम सहा : नाव आणि मोबाईल नंबर

५ जानेवारी, रविवार
आजपासून क्लबचा सुरक्षा अधिकारी मी. बिनविरोध. विशाखा मॅडमनी विचारलं, हे काम कोण घेतं? सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. समोर बघणारा मी एकटाच.

मॅडम अध्यक्ष आहेत, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. पण सुरक्षा हा पुस्तकातला विषय नव्हे. मी रेल्वेच्या ऑफिसात एकतीस वर्षं सुरक्षेची परिपत्रकं फाईलला लावली. एकही हरवलं नाही.

रिमोटवर विमानं उडवणारी ही अकरा माणसं म्हणजे निव्वळ आठवडी बाजार. कोणी चपला घालून येतो, कोणी विमानाच्या फिरत्या पंख्यासमोर बोट नेऊन गप्पा मारतो. प्रीतम तर एका हातानं उडवतो आणि दुसऱ्या हातानं पोहे खातो. वजिराबादेत मोबाईल दुरुस्त करणारा माणूस, पण ऐट वैमानिकाची.

संकल्प: महिन्याभरात शिस्त. आम्ही लातूरचे. नांदेडकरांना ‘चलतंय की’च्या पुढं वाक्य येत नाही.

८ जानेवारी
नियमावली तयार. चाळीस नियम. गौरम्माला वाचून दाखवली. अकराव्या नियमापर्यंत ती जागी होती. बायकोचं लक्ष एवढा वेळ धरून ठेवणं सोपं नाही.

मुख्य नियम इथं उतरवून ठेवतो.
दोन: उडवण्याआधी विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून बघावं. शेपटीकडं कललं तर उडवू नये.
सहा: प्रत्येक विमानावर मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर. दहा फुटांवरून वाचता यावा.
नऊ: चुन्याच्या रेषेपलीकडं विमान गेलं, तर मालकाला उडवायला कायमची बंदी. दयामाया नाही.
चौदा: तोलून झाल्यावर विमानाला काहीही लावू नये. स्टिकरसुद्धा.

१२ जानेवारी, रविवार
मैदानावर गेलो. मैदान म्हणजे विष्णुपुरीच्या पुढं भागवतरावांचं पडीक रान. फुकट दिलंय. अट एकच. बांधापलीकडं त्यांच्या घरच्या, पार्वतीबाई, शिजवलेली हळद वाळत घालतात. हळदीत विमान पडलं की दुसऱ्या दिवशी रानात नांगर. भागवतराव म्हणाले, सायेब, आमचं वरीसभराचं समदं तिथं पसरून हाय, तुमचं खेळणं त्यात नगं.

मी नियम नऊ समजावून सांगितला. त्यांना जांभई आली. उन्हामुळं असावी.

हे रान गेलं तर दुसरं नाही. क्लब बंद. म्हणून बांधाच्या अलीकडं मी स्वतः चुन्याची रेषा मारली. मध्ये जरा वाकडी झाली. जमीन वाकडी आहे.

प्रीतमनं विचारलं, काका, तुमचं विमान कधी? म्हटलं, मी उडवत बसलो तर तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार? सगळे हसले. का हसले ते कळलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
पहिली कारवाई. प्रीतमच्या विमानाच्या शेपटीवर चांदणीचं स्टिकर. म्हणे, पोरीनं लावलंय. नियम चौदा दाखवला. मॅडम म्हणाल्या, अहो, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हटलं, आज चांदणी, उद्या आख्खी आकाशगंगा. प्रीतमनं नखानं खरवडून काढलं आणि खिशात ठेवलं. दहशत बसतेय.

२४ जानेवारी
विमान मागवलं. ‘विमान नसलेला सुरक्षा अधिकारी’ असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

पांढरं शुभ्र आहे. नियम सहाप्रमाणे नाव घातलं: ‘शिवमूर्ती, सुरक्षा अधिकारी’. खाली नंबर. अक्षरं तीन इंच, लाल ऑइलपेंट, दोन्ही पंखांवर, वर आणि खाली. दहा फुटांचा नियम असला तरी माझं शंभर फुटांवरून वाचता येतं. गौरम्मानं विचारलं, विमान आहे की दुकानाची पाटी?

२८ जानेवारी
कॉम्प्युटरवर सराव. चाळीस उड्डाणं, दोन विमानं धड उतरली. सॉफ्टवेअर खराब आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
विमान नुसतं दाखवायला नेलं. प्रीतम फार वेळ बघत होता. कौतुकानं म्हणाला, काका, लई भारी हाय. असं कोणी उगाच म्हणत नसतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
उद्या पहिलं उड्डाण.

सकाळी विमान दोन बोटांवर तोललं. डुललंसुद्धा नाही.

दुपारी गौरम्माकडं लिंबू मागितलं. म्हणाली, सरबत करू का? म्हटलं, मिरच्याही दे, सात. माझा दृष्टबिष्टीवर विश्वास नाही, पण बायकोच्या समाधानासाठी माणसाला बरंच करावं लागतं. लिंबू जरा मोठं निघालं, ईडलिंबूच म्हणा ना. पुढं पंखा आहे, तिथं बांधणं धोक्याचं, म्हणून शेपटीला बांधलं. सुरक्षा अशी अंगात मुरलेली असावी लागते.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११
झालं ते थोडक्यात.

नारळ फोडला. मॅडम म्हणाल्या, एकदा तोलून बघू या. म्हटलं, कालच तोललंय, नियम दोन पूर्ण झालाय. त्यांनी लिंबाकडं बोट दाखवलं. म्हटलं, घरच्यांच्या भावनेचा प्रश्न आहे. त्यांनी बोट खाली घेतलं. फिजिक्सकडं भावनेला उत्तर नसतं.

विमान झकास पळालं. जमीन सोडली आणि नाक वर केलं. आणखी वर केलं. मग पाठीवर पडल्यासारखं होऊन उलटं फिरलं आणि चुन्याच्या रेषेकडं निघालं. वारा. दुसरं काही नाही. झाड हलत नव्हतं, पण वर वारा वेगळा असतो.

या क्षणी मी रिमोट प्रीतमच्या हातात दिला. म्हणजे विमान हळदीत पडलं तेव्हा रिमोट प्रीतमकडं होता. ही नोंद महत्त्वाची आहे.

पार्वतीबाई कळशी घेऊन विहिरीकडं गेल्या होत्या. कोणी बघायच्या आत मी स्कूटीवरून घरी आलो. पळून नव्हे. अहवाल लिहायला.

दुपारी १२.३०
अहवाल तयार. वैमानिक: प्रीतम. कारण: वारा. विमानाचा मालक: तपास चालू.

दुपारी १.१०
अनोळखी नंबरवरून फोन. बाईचा आवाज. शिवमूर्ती भाऊच ना? म्हटलं, कोण शिवमूर्ती? म्हणाली, सुरक्षा अधिकारी लिव्हलंय, खाली ह्योच नंबर हाय. आमच्या हळदीत तुमचं इमान पडलंय अन् त्याला लिंबू-मिरची हाय. आमच्या मालावर करणी करून राहिले काय तुम्ही?

मागून भागवतरावांचा आवाज आला, ट्रॅक्टर काढ रे. मी फोन ठेवला. नेटवर्क गेलं असं धरता येईल.

१२ फेब्रुवारी
तीन दिवस घरीच. कंबर.

मॅडमचा फोन आला. त्यांनी पार्वतीबाईंना जाऊन सांगितलं की करणी नाही, उलट विमानाला दृष्ट लागू नये म्हणून बांधलं होतं. त्याच लिंबानं शेपटी जड झाली आणि विमान पडलं. मी म्हटलं, वारा. त्या म्हणाल्या, शिवमूर्ती, एवढं मोठं लिंबू.

विमानाच्या फोमचे पांढरे दाणे सगळ्या हळदीत पसरलेत. प्रीतम आणि त्याची बायको रोज संध्याकाळी जाऊन एकेक दाणा निवडून काढतात. त्यानं का जावं? रिमोट त्याच्या हातात होता हे त्याला स्वतःलाच पटलेलं दिसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
सभा. मी नियमावलीच्या अकरा प्रती नेल्या होत्या, नेहमीसारख्या. आज पहिल्यांदा सगळ्यांनी घेतल्या. मॅडमनी मोठ्यानं वाचली, दोन, सहा, नऊ, चौदा. किती नेमक्या भाषेत लिहिलंय, हे पुन्हा जाणवलं.

नियम नऊवर मतदान झालं. मी सुचवलं, पहिल्या चुकीला ताकीद असावी. तर प्रीतम म्हणाला, काकाला एक चान्स देऊ की. त्याच्यासारखं बोलणारा दुसरा कोणी निघाला नाही. बाकीचे दहा जण माझ्याच नियमावलीतल्या ‘दयामाया नाही’ या ओळीकडं बघत होते. मला कायमची बंदी.

मी दिलेल्या अहवालातलं ‘वैमानिक: प्रीतम’ मॅडमनी मोठ्यानं वाचलं नाही. कागद घडी करून मला परत दिला. वाचलं असतं तर बरं झालं असतं, असं का वाटलं कोण जाणे.

रान वाचलं. पार्वतीबाईंनी ट्रॅक्टर थांबवला. त्यांची अट: विमान आता त्यांचं. पडीक रानाशेजारी रस्त्याला लागून ज्वारी आहे, दाणे भरलेत, पाखरं लई येऊन राहिलीत. विमान मेढीवर बांधून तिथं उभं करणार. म्हणाल्या, लिंबू दृष्टीचंच हाय म्हंता ना भाऊ, मग दर शनिवारी तुम्हीच येऊन बदला, जुनं लिंबू चांगलं नसतंय.

म्हणजे क्लबात शेतकऱ्यांशी समन्वयाचं काम आता माझ्याकडं आलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार
लिंबू बदललं. छोटं घेतलं.

बांधावरून दिसत होतं, प्रीतम उडवत होता. एका हातानं. चांदणी पुन्हा शेपटीवर आहे. विमान वळलं की उन्हात चमकते. बराच वेळ बघत उभा राहिलो. छान उडवतो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय: मला वाईट वाटलं.

त्यानं हाक मारली, काका, या की. म्हटलं, चुना मारायचाय. चुना होता पिशवीत. रेषा सरळ आली या वेळेस.

२६ फेब्रुवारी
सकाळपासून नऊ फोन. रस्त्यावरून जाणारे लोक. ज्वारीत उभ्या विमानावर एवढं मोठं नाव-नंबर बघून माणसाला राहवत नाही. एकानं विचारलं, ज्वारी विकायचीय का. एकानं विचारलं, सुरक्षा अधिकारी म्हणजे पाखरांचे का. दोघांनी नुसतंच, चालू आहे का हा नंबर, एवढं विचारलं.

संध्याकाळी ५.४०
दहावा फोन. हिमायतनगरचा एक गृहस्थ, मोटारसायकल थांबवून बोलत होता. फार अदबीनं म्हणाला, सायेब, तुमच्या नावावर दोन कावळे बसलेत, अन् एक लिंबू खाऊन राहिलाय.

आभार मानले. नंबर जरा बारीक लिहायला हवा होता.