काचेआडची सिस्टर

सोमवार, ता. ४
आजपासून मी दगड. मेट्रनबाईंनी बजावलंय, पेशंटसमोर पुन्हा डोळे पुसताना दिसलात तर ड्रेसिंगरूम सुटेल, स्टोअरमध्ये चादरी मोजत बसाल. मी? हे गेले तेव्हासुद्धा मी कोणासमोर रडले नाही. परवाही रडले नव्हते. स्पिरिट उडालं होतं.
सगळं त्या पायाच्या जखमेवाल्या आजोबांमुळे. मला विचारतात, सिस्टर, पट्टी बांधताय की पार्सल? यात रडण्यासारखं काय आहे?

मंगळवार, ता. ५
लायब्ररीतून पुस्तक आणलं. कुरकुऱ्या माणसांशी कसं वागावं. वाचनाची सवय माझी मीच लावून घेतली. माहेरी पुस्तक म्हणजे डुगडुगत्या टेबलाखाली घालायची वस्तू. लेखक म्हणतो, समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये काच आहे असं समजा. शब्द काचेवर आपटून खाली पडतात. गृहस्थाने जन्मात बँडेज हातात धरलं नसणार, पण कल्पना बरी आहे.

गुरुवार, ता. ७
काच झकास बसली. आजोबांचे ओठ हलत होते, मी शांत. एक शब्द आत आला नाही.

तोच दिवस, दुपार
पट्टी आवळतेय, असं सांगत होते म्हणे. अंगठा निळा. डॉक्टर माझ्यावर ओरडले. खरं तर लेखकावर ओरडायला हवं होतं. मी पट्टी सोडत असताना आजोबा म्हणाले, दुसरा पाय शिल्लक आहे, घाई करू नका. डोळ्यात काहीतरी गेलं. त्या खोलीतला पंखा फार धूळ उडवतो.

शुक्रवार, ता. ८
लेकीचा फोन. आई, तू सगळं मनाला लावून घेतेस, म्हणाली. मी काहीच मनाला लावून घेत नाही, हे तिला तासभर समजावलं. मग तिने कंटाळून फोन ठेवला. ते मात्र लागलं.

सोमवार, ता. ११
नवा उपाय: समोरचा काहीही बोलो, प्रसन्न हसायचं. आजोबा आज गप्प होते. मी हसले. म्हणाले, बायकोला जाऊन आज वर्ष झालं. माझा चेहरा हसण्यातच अडकला. मग काय झालं कोण जाणे, मीही ह्यांचं सांगून बसले आणि दोघांनी मिळून ट्रेमधला सगळा कापूस संपवला. आजोबा म्हणाले, जरा जपून, सिस्टर, जखम माझी आहे.
तुमचे मिस्टर स्वभावाने कसे होते, त्यांनी विचारलं. म्हटलं, तुमच्यासारखेच. खडूस.
आजचा दिवस धरायचा नाही. दगड उद्यापासून.

बुधवार, ता. १३
आजोबांनी स्वतः जाऊन मेट्रनबाईंकडे दुसरी सिस्टर मागितली. तक्रार! मी तणतणत गेले. बाई म्हणाल्या, तक्रार कसली, तुमचीच काळजी वाटते त्यांना. म्हणाले, सिस्टर फार हळव्या, माझी जीभ तिखट, उगाच त्यांना रोज रडवतो.
हळव्या! ज्याला स्वतःची नखं कापता येत नाहीत त्याने माझी कीव करावी? मी दगड आहे, असं बाईंना ठणकावलं. ठणकावताना आवाज फाटला. त्यांनी स्वतःचा रुमाल पुढे केला, आणि स्टोअरची किल्लीही.

शनिवार, ता. १६
स्टोअर. चादरी, अभ्रे, सतरा तऱ्हेचे टॉवेल. कोणी टोचून बोलत नाही. उत्तम.
दुपारी पेशंटचे गाऊन पोचवायला ड्रेसिंगरूममध्ये गेले. आजोबा नव्या सिस्टरला म्हणत होते, वा, छान बांधलीत हो पट्टी, थँक्यू. टोमणा नाही, काही नाही. मलाही नुसतं, नमस्कार सिस्टर. त्या माणसाने मला इतकं परकं कधीच केलं नव्हतं.