सासूबाईंच्या अळ्या

सोमवार, ४ मार्च
लोण्याच्या डब्यात हात घातला आणि हाताला लागले सासूबाईंनी पाळलेल्या फुलपाखरांचे कोश! सासूबाई म्हणतात, "गार जागी ठेवलेत गं, फुलपाखरं उशिरा बाहेर यावीत म्हणून." आणि लोणी? ते ओट्यावर वितळतंय. शी! या घरात फ्रिजसुद्धा माझा नाही.

गुरुवार, ७ मार्च
आज कहर झाला. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर लग्न लावलं – दोन फुलपाखरांचं! एका हातात नर, दुसऱ्या हातात मादी, पोटं चिमटीत धरून एकमेकांना टेकवली. "जमलं! टेबल हलवू नकोस!" माझ्या लग्नात त्यांचा चेहरा एवढा खुलला नव्हता. मग तेच हात न धुता मला वाढायला आल्या. जेवले नाही.

मंगळवार, १२ मार्च
सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात हलवलं. स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "लिंबाची पानं रोज ताजी घाल. टाळू नकोस." मुलाला नाही, मला!

त्यांच्या खोलीतल्या डब्यांतल्या अळ्या दिसतात हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. जरा डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढतात आणि असा वास सुटतो, शी! चिमट्याने पानं टाकली. नाक दाबून.

शुक्रवार, १५ मार्च
एका डब्यातल्या अळ्या हलेनात, खाईनात. सुटले एकदाची, असं वाटलं – खोटं कशाला लिहू! घरात नवऱ्याला सांगितलं, मग दवाखान्यात सासूबाईंना: मेल्या. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अगं, कात टाकायला बसल्यात त्या. हात लावू नकोस."

धावत घरी आले. तोवर नवऱ्याने तो डबा संडासात ओतून पाणी सोडलं होतं! "तूच म्हणालीस ना मेल्या?" वर म्हणतो, "आई गेली की बाकीच्यांचीही हीच वाट. खोली भाड्याने देता येईल." हात पुसले आणि चहा मागितला. एवढी किळस मला अळ्यांची कधी आली नव्हती.

रविवार, १७ मार्च
उरलेल्या डब्यांतली पानं बदलली. बोटांनीच. चिमट्याने अळ्या दुखावतात. वास अजून जात नाही, शी!

बुधवार, २० मार्च
सकाळीच दवाखान्यातून फोन आला. सासूबाई गेल्या. नवरा आंघोळीला गेलाय, त्याला अजून सांगितलेलं नाही. रडू आवरत नाही. मी गाडी मागवलीय, खाली येतेय. आधी डबे माझ्या आईकडे पोचवते, मग त्याला सांगते.