जिजाजींच्या खोल्या आणि माझी साफसफाई

सौ. मंजिरीताईस,

सुदामा नगरहून यतीनचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? आईचे गुडघे बरे आहेत. जिजाजींची प्रकृती विचारत नाही (त्यांचं सगळंच उत्तम असतं).

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला असता तर आईने ऐकलं असतं. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा जिजाजींनी तिच्यासमोर जाहीर केलं की माझ्या कॉम्प्युटरवर तीन पायथन आहेत (माझे प्रोग्राम ज्यावर चालतात ते, अजगर नव्हेत). एक जुनं, कॉम्प्युटरबरोबर आलेलं, एक क्लाससाठी टाकलेलं आणि एक कुठून आलं ते मलाही ठाऊक नाही. मी सामान भरायचो एकात, प्रोग्राम चालवायचो दुसऱ्यात, आणि तो सामान सापडत नाही म्हणून रडायचा. जिजाजींनी चहा निवायच्या आत प्रत्येक कामाला वेगळी खोली करून दिली. आई म्हणाली, "म्हणजे उपासाची कढई वेगळी, तसंच ना?" ते म्हणाले, "आईंना बरोब्बर समजलं!" ताई, मी वर्षभर समजावत होतो, तेव्हा तिला कढई आठवली नाही. स्पष्टच सांगतो, मी जळलो.

तेव्हापासून आईचं रोज तेच, जयेशरावांनी किती नीट लावून दिलं! शेवटी ठरवलं, यांच्याहून नीट लावून दाखवतो. खोल्या हव्यात कशाला? सर्वांत नवं असं एकच पायथन ठेवायचं! काल त्यांच्या खोल्या पुसल्या (मजा आली, खोटं कशाला बोलू) आणि जुनं पायथन काढायला घेतलं. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे ना? मला होती. पण हा लिनक्सवाला कॉम्प्युटर स्वतःची कामंही त्या जुन्यावरच करत होता. पाहुणे हाकलताना मी घरमालकालाच बाहेर काढलं. आता नुसता काळा पडदा आहे आणि त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकते. सांवेर मंडीतल्या सोयाबीन आवकेचा माझा प्रोग्राम आत अडकलाय, आणि सोमवारी तो ऑफिसात आमच्या साहेबांना, उदयसिंहजींना, दाखवायचाय. ते आधीच म्हणालेत, "देख लो भिया, नहीं तो ये काम रघुवीर को दे देंगे."

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
यतीन

ता. क. तू फार दिवसांत माहेरपणाला आली नाहीस. रविवारी ये. देवास ते इंदूर एवढा लांबचा प्रवास एकटीने करू नकोस, कुणालातरी बरोबर आण. त्या कुणाला लॅपटॉप आणावासा वाटला तर आणू दे.

ता. क. २. मी बोलावलंय हे जिजाजींना कळू देऊ नकोस. आईला तुझी आठवण येते असं सांग.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच जिजाजींचा फोन आला. आईला म्हणाले, जुनं पायथन काढायचं नसतं, यतीनला सांगून ठेवा. आई म्हणाली, "अहो, एवढं कळतं माझ्या मुलाला." जावयापुढे तिने माझी बाजू पहिल्यांदाच घेतली. ताई, रविवार नको. शनिवारीच आण त्यांना.